खालून दोन स्क्रू

“गोंद लावू नकोस, ब्रायनी. खालून दोन स्क्रू मार. आज नाही पटायचं तुला, पण मार.”

थेल्मा क्वर्क हे म्हणाली तेव्हा तिच्या हातात चहाची किटली होती आणि ब्रायनीच्या कडेवर तिची लेक, टिली. टिलीच्या मुठीत काहीतरी चमकत होतं, आणि ब्रायनीचा सगळा जीव त्या मुठीत अडकला होता. तिने एकेक बोट सोडवून पाहिलं, तर बिस्किटाचा चांदीचा कागद निघाला. तोवर थेल्मा पुढच्या टेबलाकडे वळली होती. “हो, बघते,” असं ब्रायनी तिच्या पाठीला म्हणाली. म्हणजे नाही.

ऑस्ट्रेलियातल्या बिंडाराच्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या, म्हणजे बोटाएवढ्या गाड्या करून पळवणाऱ्यांच्या, क्लबात एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण सगळ्यांना तोंडपाठ. दर शनिवारी सकाळी जुन्या स्काउट हॉलमध्ये जमायचं, ज्याने त्याने आपापली फळी आणायची, फळीला फळी जोडायची, रुळाला रूळ भिडवायचा आणि दुपारपर्यंत गाड्या पळवायच्या. कुणाच्या फळीवर गव्हाची कोठारं, कुणाच्या फळीवर स्टेशन, कुणाच्या फळीवर नुसती मेंढरं आणि तारेचं कुंपण. एकाने दुसऱ्याच्या फळीवर काही करून लावलं, तर पुढेमागे भांडण नको म्हणून वाडवडिलांनी ठरवून टाकलं: स्क्रूने लावलं ते पाहुणं, गोंदाने लावलं ते घरचं. स्क्रू काढून पाहुणा कधीही आपल्या घरी जाऊ शकतो. चिकटलेलं मात्र फळीच्या मालकाचं.

ब्रायनीला ही रीत माहीत होती. पण तिला वाटायचं, रीती असतात त्या परक्यांसाठी. लॉयड मॅडर्न परका थोडाच होता?

तसं पाहिलं तर सावध राहण्यात ब्रायनीचा हात कुणी धरला नसता. पहिलटकरीण, त्यात रसायनशास्त्र शिकलेली, म्हणजे भीतीला पुस्तकाचा आधार. डाख द्यायची तारही तिने बिनशिशाची मागवली होती. टिली झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास पाही, आणि श्वास लागला की पुन्हा एकदा, खात्रीसाठी. नवरा धान्याचा ट्रक घेऊन महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. तिने स्क्रूंवर लक्ष ठेवलं, गरम डाखणीवर ठेवलं, विजेच्या प्लगांवर ठेवलं. एका माणसावर तेवढं ठेवायचं राहिलं.

हे सगळं सुरू झालं ते एका बशीवरून. तिचे वडील, आल्विन ट्रेगियर, गावातल्या वृद्धाश्रमात असतात. उभा जन्म त्यांनी बिंडाराच्या इंजिन शेडमध्ये काढला. तिथे अंगणाच्या मधोमध गोल खड्डा होता आणि खड्ड्यात फिरता पूल. लोक त्याला टर्नटेबल म्हणत. आलेलं इंजिन पुलावर घ्यायचं, अर्धा फेरा वळवायचं आणि तोंड फिरवून परत रुळावर सोडायचं, हे आल्विनचं काम. आता त्यांचे हात थरथरतात. चमचा तोंडापर्यंत जाईतो सूप वाटेत सांडतं. एके रविवारी ब्रायनी भेटायला गेली, तर ते बशीवर चमचा आडवा ठेवून बशी गोल फिरवत बसले होते. चमच्याचं टोक टेबलावरच्या रेघेसमोर आलं की थांबायचे, मान हलवायचे, पुन्हा फिरवायचे.

“काय चाललंय, बाबा?”

“रूळ जुळवतोय,” ते म्हणाले. “हात हलतो ना. जुळत नाही.”

मग त्यांनी तिला सांगितलं, पहिल्यांदाच नाही, पण तिने पहिल्यांदाच नीट ऐकलं. इंजिन पुलावर नेमकं मधोमध आलं की पूल श्वास सोडतो. वीतभर पुढे नाही, वीतभर मागे नाही. मग एवढं अवजड धूड, पण एका माणसाच्या खांद्याने वळतं. “रेटायचं नसतं, पोरी. टेकायचं असतं. टेकलं की ते जातं.”

त्याच आठवड्यात तिने ठरवलं. बाबांना परत पूल वळवता यायला हवा. जूनच्या लांब सुट्टीत, ऐन थंडीत, पटांगणावरच्या हॉलमध्ये क्लबाचं प्रदर्शन भरतं, त्या रविवारी दुपारी बाबा येतील आणि भरल्या हॉलसमोर आपल्या हाताने इंजिन वळवतील. हात कितीही थरथरला तरी पूल थरथरू नये, असा पूल बनवायचा.

फळी हवी होती, कारण तिच्या घरात टिलीपासून सुरक्षित अशी एकही आडवी जागा नव्हती. लॉयडकडे फळी होती, आणि तीही बिंडाराच्या जुन्या शेडचीच. त्याने ती वर्षांमागून वर्षं घालून केली होती: कौलं, धुरांडी, कोळशाचा ढीग, सगळं बोटाएवढं. फक्त मधला पूल नव्हता. तिथे त्याने एक गोल पुठ्ठा रंगवून ठेवला होता आणि विचारणाऱ्याला सांगायचा, दुरुस्तीसाठी बंद आहे. क्लबातले त्यावर त्याला चिडवायचे, “लॉयड, तुझी इंजिनं उलट्या तोंडाने म्हातारी होणार.” लॉयड हसायचा. विधुर माणूस, निवृत्त शाळामास्तर, हाताला यश पण यंत्राचं अंग नाही. ब्रायनीने विचारलं तेव्हा त्याने गॅरेजची किल्लीच तिच्या हातात ठेवली.

आणि नुसती किल्ली नाही. टिलीसाठी गॅरेजच्या कोपऱ्यात त्याने लाकडी कुंपण केलं, फटींतून बोट अडकणार नाही हे आधी स्वतःचं बोट घालून पाहिलं. ब्रायनी डाख देत असताना तो टिलीला घेऊन परसात जाई, मॅगपाय पक्षी दाखवी. टिली त्याला ‘लॉलॉ’ म्हणायला लागली. मटणाच्या चॉप्स केल्या की ब्रायनी त्याच्यासाठी दोन झाकून ठेवी. ज्या माणसाकडे लेकरू देऊन पाठ फिरवता येते, त्याच्याकडे आणखी काय द्यायला भ्यायचं?

खड्डा कशाचा करायचा यावर ती बरेच दिवस अडली होती. हवा तेवढा गोल, हवा तेवढा उथळ, काठ सरळ. अखेर स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर हात गेला आणि आईचा स्पंज केकचा डबा हाताशी आला. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. डबा माप घेऊन केल्यासारखा बसला. आतून तिने त्याला प्लास्टिकचं पातळ अस्तर लावलं, नाहीतर पत्र्यातून वीज पळाली असती. काठाने बारीक रूळ वाकवून बसवला. पुलाच्या आसासाठी हेडफोनचा जाड जॅक वापरला. हा छोट्या रेल्वेवाल्यांचा जुना डाव आहे: जॅक आपल्या भोकात गोल फिरतोही आणि पुलाच्या दोन्ही रुळांना वीजही पोचवतो. पुलाखाली एक दातेरी चाक, त्याला भिडलेला मळसूत्री आट्यांचा दांडा, दांडा फळीच्या कडेबाहेर, आणि त्याला पितळी हातळ. सगळी युक्ती त्या आट्यांत होती. हातळ पुष्कळ फिरवावी तेव्हा पूल जरासा सरके. मुद्दाम हात थरथरवून तिने फिरवून पाहिलं. वर पूल शांत, पाण्यावर पान सरकावं तसा.

पहिलं इंजिन वळवलं आणि ते पुलाच्या काठावर येऊन मेलं. पुन्हा वळवलं, पुन्हा मेलं. लॉयडने कपाळाला हात लावला आणि टिलीनेही लावला. मग ब्रायनीच्या ध्यानात आलं की पूल अर्धा फिरला की त्याचा डावा रूळ उजवा होतो. इंजिनाने तोंड फिरवलं, पण विजेने नाही. समोरासमोर आलेली बाजू उलटी, म्हणून भांडण. तिने एक उलटापालटीचा खटका बसवला. पूल फिरला की खटका दाबायचा. इंजिन आवाज न करता पुलावरून उतरलं आणि शेडमध्ये शिरलं, आणि लॉयडच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं. त्या पाण्यावर ब्रायनीला आजही संशय घेता येत नाही, आणि तेच तिला जास्त झोंबतं.

शेवटी तिने बाबा केले. नखाएवढा माणूस, नेव्ही ब्लू बनियन, कापडी टोपी, उजवा खांदा किंचित पुढे, पुलाच्या टोकाला टेकलेला. डाव्या भुवईवरची खूणसुद्धा तिने एका केसाच्या ब्रशने उमटवली, जी कुणालाही दिसणार नव्हती. तो माणूस तिने पुलाच्या टोकावर साध्या पांढऱ्या गोंदाच्या टिपक्याने उभा केला. कारण प्रदर्शन झालं की त्याला घरी न्यायचं होतं, बाबांच्या खिडकीत ठेवायला. नखाने उचलला की निघेल, एवढाच गोंद.

डबा मात्र फळीत नुसता ठेवलेला होता. थेल्माने तो ईस्टरच्या शनिवारी पाहिला आणि स्क्रूचं म्हणाली. दुपारी ब्रायनीने लॉयडला विचारलं. लॉयडने ओठ पुढे काढले. स्क्रू गाडीच्या धक्क्यांनी ढिले पडतात, तो म्हणाला, पटांगणापर्यंतचा रस्ता तू पाहिलायस. आस केसभर हलला तर रूळ जुळायचे नाहीत, आणि तुझ्या बाबांच्या हातून सगळ्यांसमोर इंजिन खड्ड्यात पडेल. हा शेवटचा शब्द वर्मी बसला. तिने दोन नळ्यांचा गोंद कालवला आणि आईच्या डब्याच्या काठाने सावकाश, एकसारखी रेघ ओढली. लॉयडने टिलीला वास लागू नये म्हणून बाहेर नेलं होतं.

प्रदर्शनाचा शनिवार दृष्ट लागावी असा गेला. बाहेर गवतावर दव गोठलेलं, आत हीटरभोवती लोक, सॉसेजचा वास, आणि लॉयडच्या फळीपुढे पोरांची रांग. लॉयड प्रत्येकाला सांगत होता, हा पूल ब्रायनीने केलाय, केकच्या डब्यात केलाय बरं का. रविवारी जेवणं झाल्यावर ब्रायनी वडिलांना आणायला गेली. त्यांनी लग्नाकार्याचा कोट घातला होता. गळ्याजवळचं बटण लावायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तिने लावून दिलं नाही, कारण त्यांना स्वतःच लावायचं होतं.

हॉलमध्ये ती त्यांना हळूहळू चालवत घेऊन आली, आणि शेडच्या जागी फळीखालच्या लाकडी घोड्या दिसल्या. नुसत्या. दोन घोड्या आणि मधे हवा. डावीकडच्या फळीचा रूळ तिथवर येऊन तुटला होता.

आधी तिला वाटलं आपण चुकीच्या ओळीत आलो. मग वाटलं काहीतरी पडलं, तुटलं. मग थेल्मा दिसली, कोपऱ्यात आपली बोटभर उंचीची नकली झाडं खोक्यात भरत असलेली, मान वर न करता.

“फळी नेली,” थेल्मा म्हणाली. “कोरोव्याला. नदीकाठच्या त्या मोठ्या कॅफेवाल्याला दिलीय. काचेखाली ठेवणार म्हणे. ट्रक आत्ताच गेला.”

लॉयड चहाच्या काउंटरपाशी होता. हातात लॅमिंग्टन केक, त्यावरचं खोबरं स्वेटरवर सांडलेलं. ब्रायनीने वडिलांना खुर्चीवर बसवलं आणि ती त्याच्याकडे गेली. तिने आवाज चढवला नाही. लेकरू कडेवर असलं की आवाज चढवता येत नाही.

तो आधी हसला, मग बोलतच सुटला. तो मुलाकडे क्वीन्सलंडला जाणार होता, तिथे गॅरेज नाही, फळी कुजली असती. कॅफेवाला भला माणूस आहे. ट्रक दुपारपर्यंतच मोकळा होता, त्याचं काय करणार? आणि विचार कर, कितीजण बघतील.

“पूल माझा होता, लॉयड.”

“फळी माझी, ब्रायनी.”

“तासभर थांबला असतात. बाबा येणार होते, तुम्हाला माहीत होतं.”

“ट्रक—”

“माझ्या आईचा डबा आहे तो.”

लॉयडने लॅमिंग्टन खाली ठेवला. बोटं पुसली. मग तो जे बोलला ते हळू बोलला, वर्गात पोराला समजावतात तसं.

“हे बघ, रीत आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गोंद लावताना हात कुणाचा होता?”

“लॉलॉ,” टिली म्हणाली आणि तिने त्याच्याकडे हात पसरले.

ब्रायनीने तिचे हात धरून खाली घेतले. टिलीने रडावं असं तिला वाटत होतं, पण टिली रडली नाही. ती आपली त्याच्याकडे बघून हसत राहिली.

उरलेलं थेल्माने सांगितलं, गाडीपर्यंत सोबत येताना. ऑस्ट्रेलिया डेच्या सुट्टीत हा कॅफेवाला हॉलमध्ये आला होता. लॉयडच्या फळीला त्याने फीत लावली, लांबी घेतली, रुंदी घेतली. मग त्या रंगवलेल्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून विचारलं, हा फिरतो का? लॉयड म्हणाला, फिरेल. थेल्मा झाडांना पानं चिकटवत जवळच बसली होती.

जानेवारीत फीत लागली. ब्रायनीने पुलाचं विचारलं ते फेब्रुवारीत, आणि गोंद कालवला तो ईस्टरला. तिने गाडीच्या दाराला हात लावला आणि तशीच उभी राहिली. म्हणजे गॅरेजची किल्ली, ते कुंपण, तो मॅगपाय. ज्या बोटाने त्याने फट तपासली ते बोट.

“मला सांगायचं होतंस, थेल्मा.”

“काय सांगू? फीत लावणारा माणूस बघायला येत नाही, न्यायला येतो, एवढंच कळलं होतं. नक्की ठाऊक नसताना कुणाचं नाव घेऊ नये.” थेल्माने खोकं दुसऱ्या कडेवर घेतलं. “म्हणून स्क्रूचं म्हणाले. स्क्रूला कुणाचं नाव लागत नाही.”

आल्विन गाडीत पुढे बसले होते. हात मांडीवर, हात आपले थरथरतायत. ब्रायनीने चावी लावली पण गाडी चालू केली नाही. त्यांना काय सांगावं, कुठून सांगावं. त्यांनीच सुरुवात केली.

“शेड बंद केली तेव्हाही रविवारच होता,” ते म्हणाले. “सोमवारी डबा घेऊन कामावर गेलो तर फाटकाला कुलूप. रविवारीच नेतात, पोरी. रविवारी विचारायला कुणी नसतं.”

मग गळ्याजवळचं बटण सोडवता सोडवता, “छान फिरायचा का गं?”

“छान फिरायचा, बाबा. हात हलला तरी हलत नव्हता.”

“आणि मी?”

“तुम्ही पुलावरच आहात. टोकाला. खांदा टेकून.”

त्यांनी मान हलवली. “टेकून. बरोबर.”

लॉयड ऑगस्टमध्ये क्वीन्सलंडला गेला. जाण्याआधी तो एकदा ब्रायनीच्या दारात आला होता. टिलीचं लाकडी कुंपण सुटं करून, दोरीने बांधून त्याने पायरीवर ठेवलं. ते स्क्रूने जोडलेलं होतं. ब्रायनी आत, पडद्यामागे उभी राहिली आणि त्याची गाडी वळेपर्यंत हलली नाही. कुंपण अजून तिथेच आहे, पायरीच्या कडेला, पावसात.

क्लब म्हणाला, रीत ती रीत. सगळ्यांना वाईट वाटलं, आणि सगळे पुढच्या शनिवारी फळ्या घेऊन आले. ब्रायनी गेली नाही.

तिने कोरोव्याच्या त्या कॅफेत फोन मात्र केला. एका मुलीने उचलला. मुलगी गोड होती. हो, रेल्वे आहे ना, काचेखाली, लोकांना फार आवडते. पूल? हो, फिरतो, बटण दाबलं की फिरतो, आता मोटर बसवलीय. हातळ? ती मुलांच्या कपड्यांत अडकायची म्हणून काढली. पुलावरचा माणूस? माणसं बरीच आहेत, ती म्हणाली, बघून सांगते. तिने नंबर घेतला. फोन काही आला नाही.

प्रश्न इतकाच आहे की मोटर झटक्याने सुरू होते. आणि डबा ज्या गोंदाने बसवला तो फळी फुटली तरी सुटायचा नाही, पण माणूस बसवला तो टिपक्याने, घरी न्यायचा म्हणून. पहिल्याच झटक्यात तो खड्ड्यात पडला असेल. किंवा नसेलही.

दर रविवारी आल्विन बशी पुढे ओढतात, चमचा आडवा ठेवतात आणि विचारतात, “मी उभा आहे ना गं तिथे?” ब्रायनी म्हणते, आहात. दर रविवारी म्हणते. त्या कॅफेच्या दारातून आत जाणं तिच्याने होत नाही. दोनदा गाडी काढली, आणि दोन्ही वेळा टिलीला थंडी बाधेल म्हणून वळवली.

तेव्हा तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, नदी बघायला, द्राक्षांच्या मळ्यांत, कशालाही, तर त्या कॅफेत जरा डोकावा. काच दाराच्या डाव्या हाताला आहे म्हणतात. लगेच बटण दाबू नका, कुणाला दाबूही देऊ नका. आधी पुलाच्या टोकाला बघा. नेव्ही ब्लू बनियन, कापडी टोपी, उजवा खांदा पुढे. तो उभा आहे का, एवढं बघा. आणि नसेल, तर काचेला नाक लावून खाली खड्ड्यात बघा, काठच्या रुळापाशी, आणि कुणाला तरी काच उघडायला लावा.